गाभाऱ्याबाहेरचा इतिहास

पट्टणकोडोलीच्या यात्रेत विठ्ठलाचे नाव रुक्मिणीशी जोडून घेतले जात नाही. हातकणंगले तालुक्यातल्या या गावी तो धनगरांच्या बिरदेवाच्या जोडीचा देव आहे, आणि त्याचा जयघोषही ‘विठ्ठल-बिरदेवाच्या नावानं चांगभलं’ असाच होतो. दसरा उलटल्यावर भरणाऱ्या या यात्रेला महाराष्ट्राबरोबर कर्नाटकातूनही धनगर समाज लोटतो. टाळ-मृदंगाची जागा तेथे ढोल-कैताळ घेतात, बुक्क्याऐवजी भंडारा उधळला जातो, आणि त्या पिवळ्या धुरळ्यात खारीक, खोबरे आणि मेंढीची लोकरही असते. सोलापूर जिल्ह्यातल्या अंजनगावहून चालत आलेले फरांडेबाबा हातात तलवार घेऊन हेडाम हा विधिनृत्याचा प्रकार खेळतात आणि भाकणूक सांगतात: पाऊस कसा लागेल, धान्याची धारण चढेल की उतरेल, राज्यात काय उलथापालथ होईल. पंढरीची वारी चालत आलेल्या घरातल्या माणसाला हे सारे पाहताना प्रथम वाटते, की हा विठ्ठल नावाचा दुसराच कोणी देव असावा.

दैवतांचे आणि लोकसंस्कृतीचे संशोधक रामचंद्र चिंतामण ढेरे यांनी मराठी वाचकाला सांगितले ते याच्या नेमके उलट होते. हा देव तोच आहे, आणि पंढरपुरात त्याच्या रूपावर जे संस्कार होत गेले त्यांच्याआधीचे काहीतरी धनगरांच्या या ठाण्यांत शिल्लक राहिले आहे, अशी त्यांची मांडणी होती. तिचा तपशील पुढे येईल. मला अगोदर तिच्यामागची दृष्टी सांगायची आहे, कारण कोल्हापुरात राहून ढेरे वाचणाऱ्याला ती पावलोपावली पडताळून पाहता येते. देवस्थानाचा इतिहास गाभाऱ्यात जितका सापडतो त्याहून अधिक गाभाऱ्याबाहेर सापडतो, ही ती दृष्टी. गाभाऱ्यातले पूजाविधी, मंत्र आणि माहात्म्ये ज्याच्या हाती सत्ता किंवा विद्या असते त्याला बदलता येतात. उलट नैवेद्यात काय असावे, पालखी कोणत्या वाटेने जावी, पहिला मान कोणाचा, कोणती देवी कोणावर रुसली, या गोष्टी बदलायला सहसा कोणी जात नाही, कारण बदलण्याइतक्या महत्त्वाच्या त्या कोणाला वाटतच नाहीत. ढेरे यांना त्या वाटल्या, आणि त्यांचे सारे आयुष्य त्यांच्यामागे गेले.

२१ जुलै १९३० रोजी पुणे जिल्ह्यातील अंदर मावळात, निगडे या गावी त्यांचा जन्म झाला. आईवडिलांचे छत्र लहानपणीच हरपले आणि आजी व मामा यांच्या आधाराने ते वाढले. किशोरवयात पुण्याला आल्यावर पोटासाठी काम आणि रात्रीच्या शाळेत शिक्षण असा दिनक्रम सुरू झाला. ही हकिकत बहुधा कष्टाची कहाणी म्हणून सांगितली जाते, आणि ती तशी आहेच. परंतु मला तिचे महत्त्व आणखी एका कारणासाठी वाटते. मावळातल्या खेड्यात आजीच्या हाताखाली वाढणाऱ्या मुलाला देव प्रथम भेटतो तो पोथीत नव्हे. तो जात्यावरच्या ओवीत भेटतो, शिवेवरच्या शेंदूर फासलेल्या दगडात भेटतो, पहाटे दारी येणाऱ्या वासुदेवाच्या गाण्यात आणि गोंधळ्याच्या संबळात भेटतो. ज्याची ओळख अशी झाली आहे त्याला पुढे संस्कृत पुराणे वाचताना एक प्रश्न आपोआप पडतो, की मी पाहिलेल्या त्या दगडाचा हा पुराणातला देव केव्हा आणि कसा झाला. पोथीपासून सुरुवात केलेल्या विद्वानाला हा प्रश्न पडायला पुष्कळ वर्षे लागतात, आणि काहींना तो पडतही नाही.

त्यांच्या कामाचा क्रमही रूढ विद्वानांच्या उलटा होता. दत्त आणि नाथ या दोन संप्रदायांचे इतिहास त्यांनी वयाच्या तिशीच्या आत लिहिले, खंडोबावरचा ग्रंथ १९६१ साली आला, पीएच.डी.ची पदवी मात्र त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, सत्तरच्या दशकात मिळाली. त्यांना कीर्ती मिळाली ती विद्यापीठातल्या एखाद्या पदामुळे मिळाली नाही. पुस्तके आणि हस्तलिखिते यांनी भरलेले पुण्यातले घर हेच त्यांचे संशोधनकेंद्र होते. १ जुलै २०१६ रोजी त्यांचे निधन झाले तेव्हा त्यांच्या नावावर शंभराहून अधिक पुस्तके होती. आजच्या संशोधकाला, ज्याचे निम्मे आयुष्य अर्ज आणि अहवाल भरण्यात जाते, या गोष्टीचा हेवा वाटावा की अशा पाठबळाविना केलेल्या उद्योगाची भीती वाटावी, हे मला ठरवता येत नाही.

दैवतांचा शोध घेणारे ते काही पहिले नव्हते. ग. ह. खरे यांनी शिलालेख, ताम्रपट आणि मूर्तिशास्त्र यांच्या आधारे महाराष्ट्रातल्या चार प्रमुख दैवतांचा अभ्यास केला होता, आणि त्या चारांत आमची महालक्ष्मीही होती. दामोदर धर्मानंद कोसंबी पुणे परिसरातल्या डोंगरवाटा पायांनी तुडवून मातृदेवतांची ठाणी नोंदवत होते. जर्मन अभ्यासक गुंथर सोन्थायमर धनगरांच्या तळावर बसून त्यांच्या ओव्या ध्वनिमुद्रित करत होते. खऱ्यांची कागद-दगडावरची शिस्त, कोसंबींची पायपीट आणि सोन्थायमर यांचे कान यांपैकी प्रत्येकाचे काहीतरी ढेरे यांच्याकडे आहे. पण संतांचा अभंग, धनगराची ओवी, कानडी शिलालेख, स्थळपुराण आणि मूर्तीच्या हातातले आयुध या पाच गोष्टी एकाच पानावर एकमेकींशी बोलायला लावण्याची हातोटी त्यांची स्वतःची आहे.

तिचा सर्वांत मोठा आविष्कार म्हणजे १९८४ साली प्रसिद्ध झालेला ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ हा ग्रंथ, ज्याला १९८७ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि ज्याचा अ‍ॅन फेल्डहाउस यांनी केलेला इंग्रजी अनुवाद २०११ मध्ये आला. विठ्ठल हा मुळात दक्षिणेतल्या गवळी-धनगरांचा देव, गुराढोरांचा राखणदार. पुढे तो वैष्णव झाला, विष्णूचे आणि कृष्णाचे रूप म्हणून स्थिरावला, आणि संतांनी त्याला आपल्या करुणेचा विषय बनवले, असा हा प्रवास आहे. ज्ञानदेवांनी त्याला ‘कानडा’ आणि ‘कर्नाटकू’ म्हटले, ही गोष्ट प्रत्येक मराठी माणसाच्या कानांवरून गेलेली असते. ढेरे तिला काव्य म्हणून सोडून देत नाहीत; तिचा माग काढत ते तिरुपतीपर्यंत जातात. विष्णूच्या प्रसिद्ध अवतारांत ज्याचे नाव नाही असा व्यंकटेश आणि ज्याचे नाव नाही असाच विठ्ठल, दोघेही लोकदेव, दोघेही मोठे झाले ते एकाच रीतीने, आणि दोघांच्याही कथेत एक रुसलेली पत्नी आहे. येथे कोल्हापूरचा वाचक सावध होऊन बसतो, कारण व्यंकटेशाची रुसलेली पत्नी आमच्या गावात आहे.

त्याआधी माढ्याविषयी थोडे सांगितले पाहिजे. विठ्ठलाची आद्य मूर्ती पंढरपुरात नसून सोलापूर जिल्ह्यातल्या माढे येथे आहे, असे मत ढेरे यांनी मांडले, आणि त्यावर मोठा गदारोळ झाला. त्यांचा आधार असा होता, की पांडुरंगमाहात्म्यात मूर्तीच्या छातीवर मंत्राक्षरे कोरलेली असल्याचे वर्णन आहे, ती अक्षरे माढ्याच्या मूर्तीवर दिसतात, आणि अफझलखानाच्या स्वारीच्या वेळी मूर्ती माढ्याला हलवल्याची परंपराही आहे. हे मत सर्वांनी स्वीकारले असे नाही. मला लक्षणीय वाटतो तो लोकांचा संताप. कोल्हापुरात महालक्ष्मीची मूर्ती संकटाच्या काळात लपवून ठेवली होती आणि १७१५ साली तिची पुन्हा प्रतिष्ठापना झाली, हे आम्ही अभिमानाने सांगतो; तीच शक्यता पंढरपूरच्या बाबतीत कोणी पुराव्यासह मांडली तर ती निंदा ठरते. मूर्ती परत आली तर तो इतिहास, आणि परत आली नसेल तर तो अधर्म, असा काहीसा हा हिशेब आहे.

आता आमच्या देवीकडे. दर नवरात्रात तिरुपती देवस्थानाकडून महालक्ष्मीसाठी शालू येतो आणि गावात त्याची मोठी चर्चा होते. कथा अशी, की भृगूने विष्णूच्या छातीवर लाथ मारली, विष्णूने त्याला शासन केले नाही, म्हणून लक्ष्मी संतापून वैकुंठ सोडून करवीरास, म्हणजे कोल्हापुरास, आली. ही कथा ऐकून गाभाऱ्यातल्या मूर्तीकडे पाहावे, तर मूर्ती वेगळेच बोलते. तिच्या चार हातांत म्हाळुंग, गदा, ढाल आणि पानपात्र आहे. मागे सिंह आहे. आणि देवीमाहात्म्याच्या परिशिष्टातल्या ‘रहस्य’ नावाच्या भागात जिच्या मस्तकी नाग, लिंग आणि योनी असल्याचे सांगितले आहे, ती ही महालक्ष्मी आहे. तिच्या गाभाऱ्याच्या वर, माळ्यावर, मातुलिंगाचे, म्हणजे शिवलिंगाचे, देऊळ आहे आणि त्याच्यासमोर नंदी आहे. हातात कमळ घेऊन विष्णूचे पाय चेपणाऱ्या लक्ष्मीशी यातले काही जुळत नाही. ही स्वतंत्र, आद्य, कोणाचीही पत्नी नसलेली शक्ती आहे. तिच्याशी विष्णूचे नाते जोडायचे तर तिला रुसवावेच लागते, कारण सुखाने नांदणाऱ्या पत्नीला पतीविना एकटी, आयुधांसह उभी करता येत नाही. करवीरच्या महालक्ष्मीवर ढेरे यांनी स्वतंत्र ग्रंथ लिहिला आहे. तो आणि व्यंकटेश्वर-काळहस्तीश्वर यांच्यावरचा ग्रंथ शेजारी ठेवून वाचले म्हणजे रुसव्याच्या कथा किती कामाच्या असतात हे ध्यानात येते. दोन दैवतपरंपरा जवळ आल्या, पण एकीने दुसरीला गिळले नाही, असे जेथे झाले तेथे कथाकारांनी रुसवा घातला.

आणि कोल्हापुरात रुसवा एकच नाही. त्र्यंबोली, म्हणजे आमची टेंबलाई, हीसुद्धा रुसून गावाबाहेरच्या टेकडीवर जाऊन बसली आहे. कोल्हासुर या दैत्याशी झालेल्या युद्धात तिने महालक्ष्मीला मोठे साहाय्य केले, पण विजयोत्सवात तिला बोलवायचे राहून गेले. म्हणून दर ललितापंचमीला महालक्ष्मी स्वतः पालखीतून तिच्या भेटीला टेकडीवर जाते. तेथे कुमारिकेच्या हातून कोहळा फोडला जातो आणि त्याचे तुकडे मिळवण्यासाठी झुंबड उडते. कोल्हासुराने मरताना वर मागितला की या नगरीला माझे नाव राहावे आणि दरवर्षी माझी आठवण म्हणून कोहळा बळी द्यावा, असे सांगतात. हरलेल्याला नगराचे नाव देणारी, मदत करणारीला विसरल्याबद्दल राणीला दरवर्षी डोंगर चढायला लावणारी ही कथा आहे. तिच्यात कोणकोणत्या जमाती, कोणती ठाणी, कोणते तह दडलेले असतील, असा विचार करण्याची सवय मला ढेरे यांच्या पानांनी लावली. पालखी कोणाची कोणाकडे जाते हे त्यांच्या लेखी शिष्टाचाराचे प्रकरण नव्हते. तो दस्तऐवज होता.

टेंबलाईची दुसरी यात्रा आषाढात असते, आणि तिचा गाजावाजा कोल्हापूरबाहेर फारसा नाही. पंचगंगेला आलेले नवे पाणी घागरींत भरून, मंगळवारी आणि शुक्रवारी, पेठापेठांतून आणि तालमींतून ‘पी-ढबाक’ या पिपाणी-ढोलाच्या तालावर टेकडीवर नेले जाते आणि देवीच्या पायरीवर ओतले जाते. महालक्ष्मीच्या दरबारी वैभवाशी या यात्रेचा संबंध थोडा आहे. पाऊस, नदी, टेकडी आणि गावाची राखण करणारी बाई एवढाच तिचा ऐवज आहे. ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४५-४६ मध्ये उत्खनन झाले तेव्हा याच नदीकाठी सातवाहनकाळाचे थर उघडे पडले. त्या टेकडीने दिलेली समुद्रदेव पोसायडनची छोटी कांस्यमूर्ती टाउन हॉलच्या संग्रहालयात आहे. जमिनीतले थर खणल्यावर दिसतात आणि आषाढातल्या त्या मिरवणुकीतले थर रस्त्यावरून चालत जातात, पण त्यांना कोणी क्रमांक दिलेले नाहीत.

स्त्रियांच्या हातून चालणाऱ्या विधींबद्दल ढेरे यांचे लक्ष विशेष होते, आणि त्यातूनच १९७८ सालचा ‘लज्जागौरी’ हा ग्रंथ उभा राहिला. मस्तकाच्या जागी कमळ असलेली, प्रसूतीच्या अवस्थेत पाय दुमडून पसरलेली ही देवी तेरच्या मृण्मूर्तींपासून बदामी आणि आलमपूरच्या शिल्पांपर्यंत आढळते. सभ्य वाचकाने मान वळवावी अशा या मूर्तीकडे त्यांनी सरळ पाहिले, आणि भूमी, योनी, वारूळ, रेणुका, यल्लमा असे धागे जोडत नेले. वारूळ हे भूमीच्या गर्भाचे रूप आणि रेणुका ही मुळात भूदेवी, ही त्यांची मांडणी. मग भूदेवी जमदग्नी ऋषीची पत्नी कशी झाली आणि तिचा शिरच्छेद पुराणाला का आवश्यक वाटला, हे प्रश्न पुढे येतात.

कोल्हापुरात हे वाचताना ओढ्यावरच्या रेणुकेची आंबील यात्रा डोळ्यांपुढे येते. मार्गशीर्षात सौंदत्तीच्या डोंगरावर रेणुकेची, म्हणजेच यल्लमाची, यात्रा होते. इकडून एसटीच्या गाड्या भरभरून भाविक जातात. त्या पौर्णिमेला, रांडाव पुनवेला, देवी विधवा होते आणि तिला वाहिलेल्या जोगतिणींच्या हातांतल्या बांगड्या फुटतात. डोक्यावरून नेलेले देवीचे जग (तिच्या मुखवट्याच्या परड्या) परत आल्यावर ओढ्याकाठी आंबील यात्रा भरते. घरोघरच्या बायका आंबील, वडी-भाकरी, वांगे, कांद्याची पात, गाजर असा नैवेद्य दाखवतात आणि मग सगळे तेथेच बसून जेवतात. या नैवेद्यात तूप-साखरेचे पक्वान्न नाही. शेतात राबणाऱ्या घराची शिदोरी आहे. पुराणातल्या ऋषिपत्नीला ही शिदोरी शोभत नाही, भूमीला शोभते. जोगते-जोगतिणींच्या वाट्याला आलेल्या शोषणाचा इतिहासही याच परंपरेत आहे आणि तो विसरून या विधींचे केवळ कौतुक करणे मला मान्य नाही. दैवतेच्या प्राचीनतेचा शोध घेताना तिच्या नावाने वाहिल्या गेलेल्या मुलींचे काय झाले, हा प्रश्न ढेरे यांच्या वाचकाने त्यांच्या पुढे जाऊन विचारायला हवा.

शिखर शिंगणापूरच्या शंभुमहादेवाचा अभ्यास करताना त्यांनी भोसले कुळाचे मूळ दक्षिणेत, होयसळांच्या बाजूला शोधले. इतर ठिकाणी ही विद्वानांची चर्चा असेल. कोल्हापुरात ती तेवढीच राहू शकत नाही. १८९९ साली कार्तिकात पंचगंगेच्या घाटावर शाहू महाराजांच्या स्नानाच्या वेळी क्षत्रियांसाठीच्या वेदोक्त मंत्रांऐवजी शूद्रांसाठीचे मानले जाणारे पुराणोक्त मंत्र म्हटले गेले आणि त्यातून वेदोक्ताचे प्रकरण उभे राहिले. छत्रपतींचे कूळ काय, ते क्षत्रिय कोणाच्या म्हणण्याने, या प्रश्नाने या शहराचे राजकारण, शिक्षण आणि समाजजीवन ढवळून निघाले. ज्या गावात वंशावळीचा अर्थ मंत्राच्या अधिकारापर्यंत जातो, तेथे राजकुळाच्या दैवताची मुळे गवळी-धनगरांच्या परंपरेत पोचतात असे म्हणणे सोपे नाही. ढेरे ते शांतपणे म्हणतात. त्यांच्या लेखी त्यात कोणाचाही अधिक्षेप नसतो, कारण गवळी-धनगर असणे ही त्यांना लपवण्याची गोष्ट वाटत नाही.

त्यांच्या पद्धतीत कच्चे दुवेही आहेत. नामसाम्यावर ते कधी कधी फार भार टाकतात. दूरच्या दोन गावांतल्या दोन देवतांची नावे सारखी दिसली की त्यांची लेखणी वेग घेते, आणि मधल्या शतकांतला पुरावा वाचकाने विश्वासावर स्वीकारावा अशी अपेक्षा निर्माण होते. ‘समन्वय’ ही त्यांची आवडती कल्पनाही मला पुरती पटत नाही. धनगरांचा देव वैष्णव झाला तेव्हा त्यात प्रेमाने झालेली देवघेव किती आणि हिरावून घेणे किती, याचा निवाडा ग्रंथाच्या शीर्षकातच झाल्यासारखा वाटतो. पट्टणकोडोलीच्या माळावर भंडाऱ्याने न्हालेल्या माणसाला महापूजेच्या रांगेत कितवे स्थान मिळाले, हेही समन्वयाच्या हिशेबात धरायला हवे.

तरीही त्यांनी कोणाची श्रद्धा हिणवली नाही. ते स्वतः भाविक वृत्तीचे होते आणि देवाचा पूर्वेतिहास सांगितल्याने देव लहान होतो असे त्यांना वाटत नव्हते. कोल्हापुरात मात्र त्यांच्यासारख्यांच्या ग्रंथांचा उपयोग बहुधा उलट दिशेने होतो. देवी अंबाबाई की महालक्ष्मी, तिला कोणते वस्त्र नेसवावे, पूजेचा अधिकार कोणाचा, असे वाद पेटले की दोन्ही बाजू कपाटातून पुस्तके काढतात, आपल्याला हवे तेवढे वाक्य उचलतात आणि पुस्तक बंद करतात. करवीर नगर वाचन मंदिरासारखी १८५० पासूनची ग्रंथपरंपरा असलेल्या गावात वाचकांची उणीव नाही. चारशे पाने पूर्ण वाचून मग मत बनवणाऱ्यांची आहे.

या गावात करण्यासारखे काम पुष्कळ पडले आहे, आणि त्याला मोठा निधी लागत नाही. आषाढातल्या पाण्याच्या मिरवणुकीत कोणत्या पेठेचा कोणता मान, तो केव्हापासून आणि कोणाशी भांडून मिळाला, हे तालमीतल्या म्हाताऱ्यांना विचारून लिहून घेता येईल. जोतिबाच्या चैत्र यात्रेत मानाच्या सासनकाठ्या कोणत्या गावांच्या आणि त्यांचा क्रम कोणी लावला, पालखी यमाईच्या भेटीला जाते तेव्हा कोण पुढे आणि कोण मागे, आंबील यात्रेत बायका जी गाणी म्हणतात त्यांत सौंदत्तीच्या वाटेवरची कोणती गावे येतात, हेही नोंदवता येईल. पी-ढबाकची जागा आता ठिकठिकाणी ध्वनिवर्धकांच्या भिंती घेत आहेत, आणि तो ताल वाजवणाऱ्यांना तो कोणाकडून आला हे आजच विचारले पाहिजे. शिवाजी विद्यापीठात लोकसंस्कृतीवर प्रबंध लिहू पाहणाऱ्या मुलामुलींनी विषयाच्या शोधात पुण्या-मुंबईकडे पाहण्याआधी येत्या आषाढातला पहिला मंगळवार पंचगंगेच्या घाटावर घालवावा, आणि जाताना वही बरोबर न्यावी.